नांदेडात महाबळेश्वराची हवा

आई गेल्यानंतर सहा महिने मला काहीच वाटलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही आणि कौतुक म्हणून तर मुळीच नाही. तेराव्याचं जेवण उरकून मी नांदेडहून लातूरला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात फळ्यावर बॅटरीची आकृती काढत उभी होते. लातूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत मी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. बाईमाणूस इंजिनात हात घालते याचं दरवर्षी नव्या तुकडीला नवल वाटतं आणि दिवाळीपर्यंत ते आपोआप ओसरतं. त्या दिवशीही आकृती बरोबर आली. पुढेही सगळं बरोबरच येत गेलं. जेवण व्हायचं, झोप लागायची, गॅस संपला की मी तो नोंदवायचे. नातेवाईक फोनवर विचारायचे, बरी आहेस ना, आणि मी म्हणायचे, बरी आहे. ते खोटंही नव्हतं. आत चाचपून पाहिलं तरी हाताला काही लागत नव्हतं.

श्रावणातल्या एका गुरुवारी भावाचा फोन आला. माझा भाऊ नांदेडला असतो, सरकारी कचेरीत नोकरी करतो आणि फोनवरसुद्धा कचेरीतल्यासारखाच बोलतो, म्हणजे आधी विषय, मग संदर्भ. विषय बाबांचा होता. बाबा त्याच्याकडेच राहतात, वरच्या खोलीत. लातूरहून परत जाताना त्यांनी लोह्याजवळ गाडी रस्त्याखाली घातली होती. पुढे ट्रॅक्टर होता, बाबा त्याला ओलांडायला निघाले, समोरून बस आली, आणि ऐन वेळी गाडीनं ओढच घेतली नाही. शेवटी डावीकडे दाबत दाबत दोन चाकं चिखलात. कुणाला लागलं नाही. पण ओळखीच्या एकानं पाहिलं आणि घरी कळवलं, त्यामुळे झाकपाक करायला वाव राहिला नाही.

गाडी ओढत नाही हे बाबा शिमग्यापासून सांगत होते. भावानं मेकॅनिकला दाखवली. हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, तो खराब आहे असं निघालं. नवा बसवला. आठ दिवस गाडी नीट, मग पुन्हा डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि पुन्हा तेच रडगाणं. दुसरा नवा बसवला. पुन्हा आठ दिवस. तिसऱ्या वेळी मेकॅनिकनं हात टेकले. वायर बघितली, ठीक आहे, सेन्सर नवा आहे, आता माझ्याकडून काही राहिलेलं नाही, असं तो म्हणाला. आणि जाता जाता भावाला बाजूला घेऊन हेही म्हणाला की वय झालं की माणसं गिअर वेळेवर टाकत नाहीत.

भावाच्या मनात हे वाक्य घर करून बसलं होतं. तो मला म्हणाला, रविवारी ये आणि एकदा तू बघ. गाडीत दोष निघाला तर दुरुस्त करू, विषय संपला. नाही निघाला तर दोष बाबांत आहे, मग चावी माझ्याकडे राहील. मी सांगितलं तर ते ऐकत नाहीत, तू सांगितलंस तर ऐकतील. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याचं चुकत होतं असंही नाही. बाबा सत्तरीच्या पुढे गेलेत. पण चावी म्हणजे काय हे मला माहीत होतं. एका आड एक शनिवारी सकाळी ते नांदेडहून निघतात, अहमदपूरला चहा घेतात आणि दुपारच्या जेवणाला माझ्या दारात हजर होतात. पूर्वी शेजारच्या सीटवर आई असायची, मांडीवर डबा घेऊन. ती गेल्यावर ते एकटे यायला लागले. येतात, जेवतात, माझ्या घरातला एखादा स्विच उघडून बघतात, कुणी केलीय ही वायरिंग म्हणून नाक मुरडतात आणि उन्हं उतरायच्या आत परत निघतात. बसनं या म्हटलं तर ऐकत नाहीत. चाळीस वर्षं एसटीच्या आगारात वायरमन म्हणून काढली, आता प्रत्येक बसच्या पोटात काय लोंबतंय ते त्यांना दिसतं आणि प्रवासभर त्यांचा जीव त्यातच अडकून राहतो. चावी गेली की बाबा वरच्या खोलीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसणार आणि तिथून उठणार नाहीत, हे मला ठाऊक होतं, भावालाही असावं. ठाऊक असूनही मला त्याचं काही वाटलं नाही, एवढंच.

रविवारी पहिली बस धरून मी नांदेडला पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सगळीकडे ओल होती. वहिनीनं चहा दिला. घरात बरंच काही बदललं होतं. आईच्या साड्या तिच्या बहिणींना आणि भावजयांना देऊन झाल्या होत्या. तिच्या कपाटात भाचीची पुस्तकं होती. जुनं लाकडी देवघर गेलं होतं आणि संगमरवरी आलं होतं, त्यात कुंकवाचा करंडाही नवा. वहिनीनं हे सगळं जरा घाबरतच मला दाखवलं. मी म्हणाले, छान झालंय. खरंच छान झालं होतं. मेलेल्या माणसाच्या वस्तू वर्षभर कुरवाळत बसणाऱ्यांचा मला आधीपासूनच राग आहे.

खाली बाबा गाडीजवळ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, तोंडी परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्यासारखे. गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतलेली, डिझेल, पांढऱ्या रंगाची. मी बोनेट उघडलं. एरवी कुणीही कुठलंही बोनेट उघडलं की बाबांचं तोंड सुरू होतं. हे बघ, ते सोड, आधी अर्थिंग तपास. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. फडकं घेऊन काच पुसत राहिले, जी आधीच पुसलेली होती. माझ्या ते लक्षात आलं आणि मी मनात म्हणाले, खरंच थकले. म्हणजे मेकॅनिकचं वाक्य माझ्याही मनात शिरलं होतं.

गाडीतले आकडे वाचणारा स्कॅनर मी बरोबर आणला होता, तो जोडला. किल्ली फिरवून नुसता करंट चालू ठेवायचा, इंजिन सुरू करायचं नाही. अशा वेळी गाडीतले हवेचा दाब सांगणारे दोन सेन्सर एकच आकडा सांगायला हवेत. एक बाहेरच्या हवेचा, दुसरा इंजिनात जाणाऱ्या हवेचा, आणि इंजिन बंद असताना आतली हवा आणि बाहेरची हवा सारखीच. नांदेडात तो आकडा सत्त्याण्णवच्या आसपास येतो. लातूर जरा उंचावर, तिथं चौऱ्याण्णव. आतल्या सेन्सरनं सत्त्याण्णव सांगितलं. बाहेरच्या नव्याकोऱ्या सेन्सरनं सांगितलं त्र्याहत्तर.

भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणजे काय, असं त्यानं विचारलं.

"म्हणजे ही गाडी तुझ्या दारात उभी आहे, पण तिला वाटतंय ती महाबळेश्वराच्या दुप्पट उंचीवर आहे," मी म्हणाले.

भावाच्या कपाळावरून घाम निथळत होता, तो त्यानं पुसला. दारात उभी असलेली वहिनी हसली. बाबा हसले नाहीत. मी समजावून सांगितलं. उंचावर हवा विरळ असते. गाडीला वाटलं की आपण तेवढ्या उंचावर आहोत, की ती टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, जपायला लागते आणि डिझेल हात आखडून देते. म्हणून ओढ नाही. लोह्याच्या रस्त्यावर बाबांनी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल, पण गाडी डोंगर चढत असल्यासारखी स्वतःला सांभाळत होती. भावानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी खाली पाहिलं.

"पण सेन्सर नवा आहे," भाऊ म्हणाला. मेकॅनिकनं वायरही त्याच्यासमोर मोजली होती. प्लग काढून मीटर लावला, पाच व्होल्ट बरोबर येत होते. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे ऐकून मला जरा बरं वाटलं, कारण ही चूक माझ्या ओळखीची होती. सेन्सरकडे तीन वायरी जातात. एकीनं पाच व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, तिसरीनं सेन्सर आपला निरोप परत पाठवतो. तिन्ही ज्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये येतात त्याला गॅरेजात कपलर म्हणतात. कपलर काढून मोजलं तर वायरीवर काही भारच नसतो, ती कितीही कुजलेली असली तरी पाच व्होल्ट दाखवते. दोष दिसतो तो कपलर जागेवर लावून, करंट वाहत असताना मोजलं तर. मी बारा-तेरा वर्षांची असताना बाबांनी हे मला घरच्या ओट्यावर एक बल्ब आणि गंजलेली पिन घेऊन शिकवलं होतं. "रिकाम्या वायरीला काय इच्यारतीस," ते म्हणाले होते, "ती हावच म्हनती. कामावर हाय तवा इच्यार." मी ते वर्गात दरवर्षी सांगते. माझ्या भाषेत सांगते, पण शब्द त्यांचेच आहेत.

मी ओढणीची सेफ्टी पिन काढली. लावलेल्या कपलरच्या पाठीमागून, वायरीच्या कडेनं पिन आत सरकवायची आणि पिनेला मीटर लावायचा. त्यासाठी आधी कपलरवरची टेप सोडवावी लागणार होती. आणि टेपेला हात लावला तेव्हा मी थांबले.

टेप नवी होती, चकचकीत काळी, जेमतेम महिन्याभराची. तिचं शेवटचं टोक आत दुमडून त्याचा छोटा कान केला होता, पुन्हा सोडवताना नखानं उकरत बसावं लागू नये म्हणून. अशी टेप गुंडाळणारा एकच माणूस मला माहीत आहे. आमच्या घरातल्या रेडिओच्या वायरीपासून पाण्याच्या मोटरीपर्यंत सगळीकडे असे कान आहेत. मेकॅनिक टेप फाडून टाकतो, पुन्हा गुंडाळायच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे मेकॅनिकनं सेन्सर बदलल्यानंतर बाबांनी हा कपलर उघडला होता, पाहिला होता आणि पुन्हा नीट बंद करून ठेवला होता.

टेप सोडवली, पिन सरकवली. पाच व्होल्टच्या जागी पावणेचार. भावाला आकडा दाखवला, मग कपलर काढून पुन्हा मोजलं. पाच. लावलं, पावणेचार. भावाला ते एकदम पटलं, आकड्यावर त्याचा विश्वास आहे. दोष कपलरात आहे, गंज असणार, तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःहून विचारलं की काय आणू. गंज काढायचा स्प्रे आण म्हटलं. दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं म्हणून तो लगेच मोटारसायकल काढून निघाला. वहिनी वर स्वयंपाकाला गेली.

मग मी कपलरचं तोंड उजेडाकडे धरलं.

आत हिरवट गंज होता, एक पिन त्यानं निम्मी खाल्ली होती. आणि गंजाच्या भोवती, कोपऱ्यांत, रबराच्या फाटक्या कडेला, काळपट लाल काहीतरी वाळून बसलं होतं. मेकॅनिकनं तीनदा पाहिलं असेल आणि माती समजला असेल. मला ते काय आहे हे समजायला क्षणही लागला नाही. ते माहूरचं कुंकू होतं. आई दुसरं वापरायची नाही. कुणी माहूरला निघालं की तिची पुडी ठरलेली. आता वरच्या करंड्यात होतं ते भडक लाल, पाकिटातलं.

गाडी घेतली त्या वर्षी दसऱ्याला सगळे करतात तशी पूजा झाली. आम्ही बोनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. आईचं त्यानं समाधान झालं नाही. आगारात बाबांच्या हत्यारांच्या पेटीची पूजा व्हायची तेव्हा पेटी उघडून व्हायची, मग गाडीची झाकून कशाला, असं तिचं म्हणणं. तिनं बोनेट उघडायला लावलं आणि बाबांना विचारलं की हिचा जीव कुठं आहे. बाबांना थट्टेची लहर आली. त्यांनी एका चौकोनी डब्यावर, गाडीच्या कॉम्प्युटरवर, बोट ठेवलं आणि म्हणाले, जीव हाय का न्हाई माहीत न्हाई, डोकं मातर हितं हाय. तेव्हापासून दर दसऱ्याला आई त्या डब्याची पूजा करायची. हळदकुंकवाची पाच बोटं आणि वर फोडलेल्या नारळाचं पाणी, पळीभर. मी एकदा म्हणाले होते की इलेक्ट्रिकचं आहे ते, पाणी घालू नको. तीर्थ आहे, पाणी नाही, असं उत्तर मिळालं. बाबा वायरमन असून शेजारी उभे राहून हसत होते. सेन्सर त्या डब्याच्या अगदी खालच्या अंगाला. वायरींवरून ओघळत ते तीर्थ वर्षानुवर्षं कुठं जात होतं ते आता माझ्या हातात होतं.

"बाबा," मी म्हणाले, "ही टेप तुमची हाय."

ते जवळ आले. त्यांनी नाही म्हटलं नाही. पिवळा दिवा पहिल्यांदा लागला त्याच आठवड्यात त्यांनी शोधून काढलं होतं. पाठीमागून पिन घालून, लावून मोजलं होतं. सेन्सर बदलून काही होणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवा सेन्सर बसवताना कपलर काढला-घातला की पिना घासल्या जातात आणि आठ दिवस बरं चालतं, हेही त्यांनीच मला सांगितलं, शांतपणे, दुसऱ्या कुणाच्या गाडीविषयी सांगावं तसं.

"मग साफ का न्हाई केलं? धा मिनिटांचं काम."

ते बोटानं बोनेटची कड पुसत राहिले.

"साड्या गेल्या," ते म्हणाले. "कपाट गेलं. देवघर गेलं. म्या कुनाला नाव ठेवून न्हाई राहिलो, माय, घर हाय, करावंच लागतं. पर तिच्या हातचं आता हे एवढंच ऱ्हायलंय."

मला राग आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग होता, हे सांगायला मला लाज वाटते, पण तसं झालं. कानशिलं तापली. मी त्यांना म्हणाले की बसखाली गेला असतात तर आम्ही काय करायचं होतं, एका महिन्यात दोन... आणि मग माझ्या लक्षात आलं की एक महिना नाही, सहा झालेत. सहा महिने गेलेत आणि मी अजून तो पहिलाच महिना धरून बसले आहे.

"चुकलंच," बाबा म्हणाले. ते वाद घालत नव्हते. भाऊ म्हातारा म्हणतो हे त्यांना कळत होतं, मेकॅनिक काय बोलला तेही त्यांनी ऐकलं होतं. म्हणू द्यावं, असं त्यांनी ठरवलं होतं. चावी गेली तर गेली, असंही ठरवलं होतं, फक्त लोह्यापासून त्यांना झोप नीट लागत नव्हती. समोरच्या बसमध्ये माणसं होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. "कापूस घिऊन दोन डाव बसलो. हात गेला न्हाई. तूच कर. म्या तिकडं तोंड करून हुबा ऱ्हातो."

आणि ते खरंच पाठ करून उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून.

मी कापूस घेतला, काडीला गुंडाळला. स्प्रे यायचा होता, पण नुसत्या काडीनंही सुरुवात करता आली असती. कपलर नाकाजवळ आला तेव्हा मला खोबरेल तेलाचा वास आला. आई कुंकू लावायच्या आधी बोट तेलात बुडवायची, चिकटून राहावं म्हणून. वास खरंच होता की नव्हता ते मी आज सांगू शकत नाही. काडी कपलरच्या तोंडाशी नेली आणि तिथंच धरून राहिले. वर्गात मी मुलांना सांगते की सर्किटला भावना नसतात, संशय आला की स्वच्छ करा आणि पुढे व्हा. माझा हात पुढे गेला नाही. बाबांच्या पाठीकडे पाहिलं. शर्टाची इस्त्री एका बाजूनं राहून गेली होती. आई करायची ती अशी नसायची.

मग मला माझीच अक्कल आठवली. निम्मी खाल्लेली पिन साफ करून काय होणार. आज घासली तर दोन महिन्यांनी पुन्हा तेच. इतका कुजलेला कपलर साफ करायचाच नसतो. तो वायरीसकट कापायचा आणि नवा जोडायचा, हीच खरी दुरुस्ती आहे आणि ती मला पहिल्यांदा सुचायला हवी होती. मी भावाला फोन केला. तो दुकानातच होता. स्प्रे राहू दे म्हटलं, तीन पिनांचा नवा कपलर आण. का, असं त्यानं विचारलं. जुना कामातून गेलाय, मी म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं.

तो येईपर्यंत मी वायरी कापल्या. चार बोटं वायर ठेवून, एकेक करून, तिन्ही. कपलर माझ्या तळहातावर आला, तीन शेपट्या असलेला, आतलं सगळं जसंच्या तसं. मी बाबांना हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, मला वाटतं त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी तो घेतला, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. ते बटण ते कधी लावत नाहीत, त्यामुळे त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

नवा कपलर आला. मी सोल्डरिंग केलं, वरून स्लीव्ह घातली, बाबांनी टेप गुंडाळली आणि टोकाचा कान केला. किल्ली फिरवली. सत्त्याण्णव आणि सत्त्याण्णव. भावानं बाबांना गाडी काढायला लावली, स्वतः शेजारी बसला, मी मागे. शहराबाहेर लोह्याच्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी एका ट्रकला मागं टाकलं, आणि गाडीनं अशी ओढ घेतली की भावानं सीटची कड धरली. तो खुश झाला. तो वाईट माणूस नाही, उलट मनापासून खुश झाला, आणि परत आल्यावर त्यानं चावी बाबांच्याच हातात राहू दिली. वहिनीला खाली बोलावून त्यानं सगळं सांगितलं, पाच व्होल्ट, पावणेचार, महाबळेश्वर. सांगता सांगता त्याला थट्टा करायची लहर आली. आमच्या घरात ती बाबांकडून आली आहे.

"चाळीस वर्षं वायरमन होतात बाबा," तो म्हणाला, "आणि दारातल्या तीन वायरी सापडल्या नाहीत तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. मी सांगणार होते. या माणसाला पहिल्या दिवशी सापडलं होतं, तुझ्या मेकॅनिकला न सापडलेलं, मला ज्या पद्धतीनं सापडलं ती पद्धत याचीच आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एकदाच. त्यांचा हात खिशावर होता.

"न्हाई सापडलं," ते म्हणाले. "वय झालं आता."

भाऊ हसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वहिनी म्हणाली, चला, ताटं वाढलीत. दोघं वर गेले, मागोमाग बाबा गेले, जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी. मी मागं राहिले, मीटर आवरायचा होता. त्याच्या दोन वायरी गुंडाळायच्या, लाल आणि काळी, हे काम मी दिवसातून दहा वेळा करते. त्या दिवशी त्या मला गुंडाळता येईनात. डोळ्यांसमोर सगळं पाणी झालं होतं आणि लाल कुठली, काळी कुठली, ते दिसत नव्हतं. वरून वहिनीनं हाक मारली, बरं आहे ना, म्हणून. बरी आहे, एवढं मला म्हणता आलं नाही.